दोनदा खा, आठदा खा, नाहीतर खाऊच नका: डाएटवाल्यांनो, एकदाचं काय ते ठरवा

चिवडाप्रेमी (धागाकर्ता):

मंडळी, शिव्या द्या पण आधी पूर्ण वाचा. २०१८ च्या आसपास अख्खा मराठी समाज दोन पक्षांत फुटला होता आठवतंय ना? एकीकडे डॉ. जगन्नाथ दीक्षित, दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत उरका, मधे तोंड बंद. दुसरीकडे ऋजुता दिवेकर, दर दोन तासांनी थोडं थोडं खा, तूप खा, भात खा, उगाच घाबरू नका. लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस गाव कोणतं हे विचारायच्या आधी 'तुम्ही दीक्षित की दिवेकर' विचारायचा. आणि गंमत म्हणजे दोन्ही पक्षांत वजन उतरलेले लोक होते आणि दोन्ही पक्षांत उतरलेलं परत चढलेले लोकही होते, जास्तच होते.

आता मला सांगा, दोनदा खाऊनही उतरतं आणि आठदा खाऊनही उतरतं, म्हणजे उतरवणारी गोष्ट तिसरीच काहीतरी असणार ना? माझ्या मते ती तिसरी गोष्ट म्हणजे फरसाण. कुठलंही डाएट धरा, पहिल्याच दिवशी घरातून फरसाण, क्रीमची बिस्किटं, साखरेचे चार चहा आणि रात्री अकराला डबे उघडून शोधलेलं 'काहीतरी चटपटीत' जातं. तिथेच काम झालं. बाकी सगळा बँडबाजा.

बँडबाजा पण कसला एकेक. कीटो घ्या, म्हणजे पोळी-भात-साखर जवळजवळ बंद आणि चरबीवाले पदार्थ भरपूर. १९२१ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या डॉ. वाइल्डर यांनी हा आहार सुचवला तो मिरगीच्या पेशंटसाठी. शंभर वर्षांनी तोच आहार आमच्या आयटी पार्कात पनीरचे तुकडे बनून आला. पहिल्या आठवड्यात भराभर वजन जातं म्हणून पार्टी देतात लोक, अरे पण शरीरात साठवलेल्या एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर, म्हणजे साठ्यातल्या साखरेबरोबर, तीनेक ग्रॅम पाणी असतं ते गेलं, चरबी अजून सोफ्यावरच बसलीये. मग ते दहा हजार पावलांचं. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये चालण्याची हवा झाली, १९६५ मध्ये एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र काढलं आणि नाव ठेवलं मानपो-केई, दहा हजार पावलांचं मीटर. विकायला गोल आकडा बरा. त्या आकड्यापायी आमच्या बिल्डिंगमधले एक काका रात्री पावणेबाराला पार्किंगमध्ये येरझाऱ्या घालतात आणि वॉचमन दर वेळी टॉर्च मारतो.

आणि आमच्या ऑफिसातला एक १६:८ वाला, म्हणजे सोळा तास उपाशी आणि आठ तासांत खाणारा, दुपारी दोनपर्यंत काळी कॉफी पितो आणि सांगतो की माझ्या पेशी आत्ता स्वतःला खातायत, ऑटोफॅजी, २०१६ चं नोबेल आहे त्याला. नोबेल आहेच, ओसुमी साहेबांना, पण त्यांचं मूळ काम यीस्टवरचं. मी म्हटलं खाऊ देत पेशींना, कुणीतरी वेळेवर जेवतंय.

दोनवेळकर:

धागा विनोदी आहे पण अर्धवट आहे. मी दीक्षित पक्षाचा, लपवत नाही. तुम्ही बँडबाजा म्हणताय, पण बँडबाजाचे पैसे कुणी घेतले ते सांगा ना. पावडर नाही, पॅकेज नाही, व्याख्यानं फुकट, माहिती फुकट. सुरुवातीला काय करायला सांगतात? एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर) आणि उपाशीपोटीचं इन्शुलिन तपासा, तीन महिन्यांनी परत तपासा. म्हणजे विश्वास ठेवू नका, रिपोर्ट बघा असं स्वतःच सांगतायत. वर ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. यात फॅड कुठे आलं? माझे वडील शुगरचे पेशंट, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा रिपोर्ट स्वतः वाचायला लागले. आणि फरसाण बंद झालं म्हणून वजन उतरलं म्हणता, मान्य, पण ते बंद कशामुळे झालं? तुमच्या धाग्यामुळे नाही झालं!

वऱ्हाडी ठेचा:

अबे भाऊ, दीक्षित सर दीक्षित सर करून राहिले सगळे, मूळ गोष्ट आमच्या नागपूरची आहे ना बे. डॉ. श्रीकांत जिचकार. डिग्र्यांची तर मोजदादच नाही त्यांच्या. ते सांगत होते दोनदाच जेवा म्हणून, २००४ मध्ये ॲक्सिडेंटमध्ये गेले बिचारे. दीक्षित सर स्वतःच प्रत्येक भाषणात त्यांचं नाव घेतात, तुम्ही लोक विसरता. बाकी सावजीचा रस्सा ५५ मिनिटांत बसतो, मी करून पाह्यलं आहे.

आहारतज्ज्ञ_नाशिक:

इथे लिहू नये असं ठरवलं होतं पण राहवत नाही.

धागाकर्त्यांचा मुद्दा ढोबळमानाने बरोबर आहे. २०१८ मध्येच स्टॅनफर्डची एक चाचणी आली, ६०९ लोक, अर्ध्यांना कमी फॅट, अर्ध्यांना कमी कार्ब, वर्षभर. एका गटाचं सरासरी ५.३ किलो उतरलं, दुसऱ्याचं ६, म्हणजे सांगण्यासारखा फरक नाही. पण प्रत्येक गटाच्या आत बघितलं तर कुणाचं भरपूर उतरलं आणि कुणाचं चक्क वाढलं. २०२२ मध्ये चीनमधली चाचणी, १३९ लोक, दोन्ही गटांना कॅलरी सारख्याच कमी, फक्त एका गटाने सगळं सकाळी ८ ते दुपारी ४ मध्ये खायचं. वर्षाअखेर तिथेही ठळक फरक नाही. घड्याळ बघून खाल्लं म्हणून जादू होत नाही, घड्याळामुळे कमी खाल्लं गेलं तर होतं.

दोनवेळकर, तुमच्या ५५ मिनिटांबद्दल. ५५ मिनिटांच्या आत खाल्लं तर इन्शुलिन एकदाच सुटतं असं तुमच्यात सांगतात, पण इन्शुलिन हा काही टायमर लावलेला नळ नाही. स्वादुपिंड थोडं थोडं इन्शुलिन चोवीस तास सोडतच असतं आणि जेवल्यावर रक्तातली साखर वर आहे तोवर जास्त सोडत राहतं. ५५ व्या आणि ६५ व्या मिनिटात लक्ष्मणरेषा नाही. नियम सोपा आणि लक्षात राहणारा आहे, त्याचा उपयोग तेवढाच आणि तो कमी नाही.

पण एक गोष्ट गंमतीत घेऊ नका. ज्यांना ग्लिमेपिराइडसारख्या शुगरच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू आहे त्यांनी व्हॉट्सॲपवर वाचून एकदम दोन जेवणांवर उडी मारायची नाही. गोळी तीच आणि जेवण गायब झालं तर साखर धाडकन खाली येते, घाम, थरथर, चक्कर, बेशुद्धी. डॉक्टरांकडून डोस आधी बदलून घ्या. आणि ज्यांची शुगरची गोळी ग्लोझिनवाली आहे, डापाग्लिफ्लोझिन वगैरे, त्यांनी कीटोच्या वाटेला परस्पर जाऊ नये, कीटोॲसिडोसिस, म्हणजे रक्त धोकादायकरीत्या आम्लयुक्त होणं, होऊ शकतो, तोही साखर फार वाढलेली नसताना, त्यामुळे लवकर लक्षातही येत नाही.

पावलांचं म्हणाल तर २०१९ च्या एका अभ्यासात सरासरी ७२ वर्षांच्या बायकांमध्ये साधारण साडेसात हजार पावलांपर्यंत फायदा वाढत गेला, पुढे सपाट. पार्किंगमधल्या काकांना झोपायला सांगा.

तालमीतला गडी:

लई भारी ताई. त्या पावडरीवरबी लिवा की. आमच्या कोल्लापुरात तालमी होत्या तवा दंड, बैठका, लाल माती, आणि खुराक म्हणजे दूध, तूप, बदामाची थंडाई. आता त्याच गल्लीत एसी जिम झाली आणि पोरं दोन महिने डंबेल उचलायच्या आधी तीन हजाराचा डबा उचलत्यात. २०२४ ला हैदराबादच्या त्या राष्ट्रीय पोषण संस्थेनंच छापलंय की बॉडी करायला प्रोटीन पावडर नको म्हणून, ते कोण वाचतंय. आमचं पोरगं म्हणतंय पप्पा मॅक्रो मोजा, म्हंजी प्रोटीन, कार्ब, फॅट किती ते. म्हटलं तांबड्या रश्श्याचं मॅक्रो तू मोज, मी पितो तंवर.

चिवडाप्रेमी:

@दोनवेळकर, फुकट आहे हे मान्य आणि त्याबद्दल आदरच आहे. पण एकाने फुकट दिलं की त्याच्यावर दहा जण दुकान थाटतात त्याचं काय? दोन जेवणांच्या मधे चालणारी बिस्किटं निघाली नाहीत का? उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट, बटाट्याचा चिवडा, एकादशी आणि दुप्पट खाशी हे ज्यांनी शतकानुशतकं जमवलंय ते लोक दोन जेवणांतून पळवाट काढणार नाहीत? आमच्याकडे एकजण ५५ मिनिटं पूर्ण वापरतात. शेवटच्या दहा मिनिटांत श्रीखंड.

वरणभात_ताई:

सगळ्यांचं वाचलं. इन्शुलिन झालं, यीस्ट झालं, जपान झालं. एक प्रश्न कुणालाच पडला नाही, हे सगळं करतं कोण?

आमच्या घरी सध्या चार डाएटं चालू आहेत. अहो दीक्षित, म्हणजे सकाळी साडेनऊला आधी सॅलड, मग मोड आलेलं काहीतरी, मग पूर्ण जेवण, आणि ५५ मिनिटांचं घड्याळ सुरू झालं की मी पोळ्या लाटायच्या स्पीडने, एखादी उशिरा आली तर माझ्याकडे असं बघतात जसं काही त्यांची शुगर मीच वाढवली. मुलगा कीटो, त्याला पोळी नको, भात नको, बटाटा नको, मग रोज पनीर नाहीतर अंडी, बरं सासूबाईंना अंड्याचं भांडं वेगळं लागतं. मुलगी सकाळी काही खात नाही, दुपारी एकला तिची 'विंडो' उघडते तेव्हा मी नुकती आडवी झालेली असते. सासूबाईंची एकादशी, चतुर्थी, गुरुवार, त्यांचं डाएट सगळ्यात जुनं आणि सगळ्यात तुपाचं. आणि मी? मी उरलेलं संपवायच्या डाएटवर आहे. दुपारी मोड आलेले मूग उरतात, पनीर उरतं, खिचडी उरते, टाकवत नाही. वजन माझं वाढतंय आणि सल्ले मला मिळतायत की आई तू पण काहीतरी फॉलो कर ना.

त्यामुळे मी दीक्षित पक्षाची, वजनासाठी नव्हे, गॅस दोनदाच पेटतो म्हणून. दिवेकरबाई म्हणतात ते पोटाला पटतं, तूपभात कुणाला नको, पण दर दोन तासांनी खायचं म्हणजे ओटा कधीच पुसून होत नाही. आणि धागाकर्ते, ते फरसाण घरात आणतं कोण? वाण्याच्या यादीत मी लिहीत नाही. पिशवीत तळाशी सापडतं.

दोनवेळकर:

ताई, साष्टांग. घरी वाचून दाखवलं. सॅलड उद्यापासून मी चिरतो असं बोलून बसलोय.

तरीपण एक मुद्दा राहिलाच. आपल्याकडे नुसतं 'नको' म्हटलेलं कुणाला ऐकू येत नाही. हळदीकुंकू असो, बारसं असो, ऑफिसात कुणाची बढती असो, 'घ्या हो, एका पेढ्याने काय होतंय'. मी वीस वर्षं नको म्हणत होतो आणि वीस वर्षं खात होतो. 'दीक्षित चालू आहे' म्हटलं की समोरचा गप्प, वर थोडं कौतुक. डाएटला नाव असण्याचा हा फायदा तुमच्या स्टॅनफर्डला मोजता येणार नाही. पूर्वी उपास आहे म्हटलं की सुटका व्हायची, आता उपास म्हटलं की साबुदाणावडा पुढे येतो.

चिवडाप्रेमी:

हे मात्र पटलं. म्हणजे पेढा नाकारायला परवाना हवा म्हणून डाएट. चालेल, पण मग विज्ञान विज्ञान करू नका, परवाना म्हणा.

मीनल_जर्सी:

इकडे न्यू जर्सीत तुमचा वाद जुना झाला हो. गणपतीला एकवीस मोदक ज्यांच्याकडे असायचे तिथे यंदा अर्धे परत डब्यात, कारण निम्मी मंडळी वजन उतरवायच्या, आठवड्याला एक अशा इंजेक्शनवर. भूकच लागत नाही, आग्रह करणारीच थकली. तुमच्याकडेही २०२५ मध्ये आलंच की ते. त्यामुळे दोनदा की आठदा हा प्रश्नच संपला.

आहारतज्ज्ञ_नाशिक:

संपला नाही. इंजेक्शन काम करतं हे खरं, त्यातल्याच सेमाग्लुटाइड या औषधाच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं, तेवढं कुठल्याच डाएटने उतरत नाही. पण बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं सुमारे दोन तृतीयांश परत आलं. गरज असलेल्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली जरूर घ्यावं, लाज कसली त्यात. लग्नाच्या शालूत मावायला म्हणून नको.

वऱ्हाडी ठेचा:

शालू सैल शिवता येत नाही काय बे?

वरणभात_ताई:

शालू शिवत नाहीत, नेसतात. ब्लाउजला माया ठेवतात. यावरून कळलं घरात काय करता ते.

नवा_भिडू:

धागा मोठा आहे, सगळा वाचला नाही, फक्त शीर्षक वाचलं. ॲपल सायडर व्हिनेगर सकाळी घ्यायचं की रात्री?

आहारतज्ज्ञ_नाशिक:

ज्या अभ्यासाने त्या लाटेला जोर आला तो २०२४ चा लेबनॉनमधला पेपर जर्नलने २०२५ मध्ये मागे घेतला, आकडेवारी भरवशाची नव्हती. सकाळीही नको, रात्रीही नको. दातांचं इनॅमल जातं.

नवा_भिडू:

अरेरे, मोठी बाटली आणलीये. मग काय करू तिचं?

तालमीतला गडी:

चायनीज भेळंवर घाल.