विषय: रविवारच्या बाप्तिस्म्यासाठी धर्ममाता

मंडळाच्या ईमेल यादीवरील सर्वांस सप्रेम नमस्कार,
येत्या रविवारी आमच्या धाकटीचा बाप्तिस्मा एपिस्कोपल (म्हणजे अमेरिकेतील अँग्लिकन परंपरेच्या) चर्चमध्ये आहे, हे बहुतेकांना ठाऊक आहेच. नणंदेचा व्हिसा अखेर झाला नाही आणि धर्ममातेची, म्हणजे लेकराच्या वतीने वचन देणाऱ्या जामीनदाराची, जागा रिकामी राहिली. पुस्तकपेटीच्या मावशींनी उभे राहावे, अशी आमची फार इच्छा होती. परंतु धर्ममाता किंवा धर्मपिता स्वतः बाप्तिस्मा झालेले असले पाहिजेत, असा 1979 च्या प्रार्थनापुस्तकाचा नियम असल्याचे धर्मगुरूंनी काल सांगितले. दिवस पुढे ढकलावा, तर सर्व संतांच्या सणाचा रविवार हुकतो, त्यानंतरचा बाप्तिस्म्याचा नेमस्त दिवस जानेवारीत प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला येतो आणि सासूबाई तर डिसेंबरातच नगरला परतणार आहेत. मंडळातील बाप्तिस्मा झालेले कुणी, मग ते कोणत्याही चर्चचे असोत, उभे राहतील का? नाव गुरुवारी संध्याकाळपर्यंत द्यायचे आहे.
– धाकटीची आई

नमस्कार,
घरगुती धार्मिक विधींच्या विनंत्या यादीवर न पाठवता परस्पर कराव्यात, असे मागच्या सर्वसाधारण सभेत ठरले होते, याची नम्र आठवण करून देतो.
– सचिव

सचिवांस,
गेल्या उन्हाळ्यात मुंजीसाठी गुरुजी याच यादीवर मिळाले आणि सत्यनारायणाचा चौरंगही इथेच फिरतो. बाप्तिस्म्यालाही तोच न्याय असावा.
आता मूळ प्रश्न. धर्ममाता नसली म्हणून विधी अडावा, हेच मला पटत नाही. आमचे घराणे अमेरिकन मराठी मिशन या प्रॉटेस्टंट मिशनचे. 1970 मध्ये नागपूरला निरनिराळी प्रॉटेस्टंट चर्चे एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले आणि आम्ही व अँग्लिकन एका छताखाली आलो, तरी आमच्या घरात आईवडीलच मंडळीसमोर उभे राहून वचन देत आले. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी पाळकसाहेबांनी ओल्या हाताने त्याच्या कपाळावरचे केस मागे सारले होते, आणि वडिलांचा आवाज वचन देताना दाटून आला होता. ते वचन अपुरे होते, असे कुणी म्हणू नये.
– नगरच्या काकू

काकूंस,
कुणी तसे म्हणतही नाही. प्रार्थनापुस्तकात निदान एक बाप्तिस्मा झालेला जामीनदार मागितला आहे, आणि आईवडिलांचीही गणना धर्ममातापित्यांत व्हावी हे उचित, असे तेच पुस्तक सांगते. तेव्हा रविवार अडलेला नाही. धर्मगुरूंना एवढेच विचारावे. मी स्वतः कॅथलिक असल्यामुळे माझ्या धर्मगुरूंशी बोलल्याशिवाय शब्द देणार नाही.
मात्र इथे काही राहून गेले तर नगरला पुन्हा उरकून घ्या, हे आपण त्या दिवशी जेवताना सुचवलेत, ते कृपा करून मनातून काढावे. बाप्तिस्मा एकदाच होतो. झाला की नाही याचीच शंका असेल, तर ‘तुझा बाप्तिस्मा झाला नसेल तर’ अशा शब्दांनी आरंभ करून तो देतात. इथे शंकेला जागाच नाही. पुढे कळत्या वयात बिशपांच्या हातून दृढीकरण होते, तेव्हा ही वचने मुलगी स्वतःच्या तोंडाने उच्चारील.
– वसईचे दादा

सर्वांस,
माझ्याविषयी इतके लिहिले गेले, म्हणून लिहिते. धर्ममातेला काय विचारतात, ते मी मागवून वाचले. सैतानाचा आणि वाईटाचा त्याग, मग ख्रिस्ताचा तारणारा म्हणून स्वीकार, असे सहा प्रश्न आहेत. त्यांतील शेवटच्या तिन्हींना मी मनापासून ‘हो’ म्हणू शकत नाही आणि लेकराच्या डोक्यावर पाणी पडत असताना तोंडदेखले म्हणणार नाही. नियमाने मला दूर ठेवले, असे मला वाटत नाही. वचन खरे असावे, एवढेच तो मागतो. जमलेल्या सगळ्यांनाही एक प्रश्न असतो, की या लेकराच्या ख्रिस्तातील जीवनाला तुम्ही बळ द्याल का. त्याला ‘देऊ’ म्हणावे की नाही, यावर मी दोन दिवस विचार केला. तिला चर्चला पोहोचवणे, तिच्या आईला ताप आला तर तिच्याजवळ बसणे, तिच्या श्रद्धेला कधी उणा शब्द न बोलणे, हे मी करीन. तेवढ्यावर माझे ‘देऊ’ खरे ठरेल का, हे धर्मगुरूंनाच विचारावे.
– मावशी

मावशींस,
विचारले. तेवढ्यावर ‘देऊ’ अगदी खरे ठरते, असे ते म्हणाले. धर्ममाता म्हणून काकूंचे नाव दिले आहे. आमची दोघांची नावेही सोबत आहेत. कुंडात पाणी ओतण्याचे काम मात्र तुम्ही करावे, असे आम्ही धर्मगुरूंशी बोलून ठरवले. सासूबाईंनी स्वतःच्या पांढऱ्या पातळाचे झबले शिवले आहे, त्याच्या गळ्याची नाडी तेवढी राहिली आहे. तालीम शनिवारी सकाळी 11 वाजता आहे. तुमचा मोठा पितळी तांब्या घासून आणावा. चर्चचा जग जड आहे आणि तुमचे मनगट अजून पुरते बरे झालेले नाही.
– धाकटीची आई