विषय: असेंबल केलेल्या पीसीला विंडोज ११ नको म्हणतंय, डबा फेकायचा का?

मंडळी नमस्कार,

मंडळाचे हिशोब ज्या कंप्युटरवर आहेत तो माझा घरचा डबा, २०१७ साली मी आणि मुलाने सुटे भाग आणून जोडलेला, रायझन ५ १६०० प्रोसेसर, बी३५० बोर्ड, आजवर एकदाही कुरकुर नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, मी ते जास्तीचं वर्षभराचं सिक्युरिटी अपडेट घेऊन ठेवलंय पण तेही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. म्हणून पीसी हेल्थ चेक (हा पीसी विंडोज ११ ला चालेल का ते तपासणारा मायक्रोसॉफ्टचा प्रोग्राम) चालवलं तर तीन फुल्या. टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप) नाही, सिक्युअर बूट (सही असलेलाच प्रोग्राम सुरू होऊ देणारी सोय) नाही, प्रोसेसर यादीत नाही.

एका व्हिडिओत बघितलं की बायोसमध्ये (बोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) सीएसएम म्हणजे जुन्या पद्धतीने बूट होऊ देणारा पर्याय बंद करा म्हणजे झालं. केलं. काळ्या स्क्रीनवर पांढरी एकच ओळ, बूट करायला डिस्कच नाही! घाम फुटला हो, तीन वर्षांचा ताळेबंद त्यात आहे. परत चालू केलं तेव्हा जिवात जीव आला. आता हात लावायची हिंमत नाही. कोणी केलंय का हे?

— खजिनदार

--------

विषय: पुन्हा: असेंबल केलेल्या पीसीला विंडोज ११ नको म्हणतंय

> टीपीएम २.० नाही, सिक्युअर बूट नाही

काका, आधी ताळेबंदाची कॉपी दुसऱ्या डिस्कवर घ्या, मग पुढचं वाचा.

तीन फुल्यांतल्या दोन खोट्या आहेत. टीपीएम तुमच्याकडे आहे, प्रोसेसरच्या आतच आहे, फक्त झोपवलेला आहे. एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम नावाने असतो, इंटेलवाल्यांकडे पीटीटी म्हणतात, आणि त्या काळातले बहुतेक बोर्ड हे बंद ठेवूनच यायचे. कंपनीचा तयार कंप्युटर घेतला तर हे सगळं कोणीतरी आधी लावून देतं, आपण स्वतः जोडला की ते कोणीतरी म्हणजे आपणच. बायोसमध्ये चालू करा, मग विंडोज आणि आर दाबून टीपीएम डॉट एमएससी टाइप करा, खाली व्हर्जन २.० दिसलं की एक फुली गेली.

दुसऱ्या फुलीत तुम्ही उलट्या क्रमाने गेलात. तुमची डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची (डिस्कच्या विभागांची नोंद ठेवायची जुनी रीत) आहे, आणि सीएसएम बंद केल्यावर बोर्डला फक्त नवी रीत, जीपीटी, कळते, म्हणून त्याला डिस्क दिसूनही दिसली नाही. डेटा कुठे गेला नव्हता. आधी डिस्क बदलायची, त्यासाठी एमबीआर२जीपीटी नावाचा प्रोग्राम विंडोज १० मध्येच १७०३ आवृत्तीपासून आहे. ॲडमिन कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, पहिल्यांदा नुसतं व्हॅलिडेट करायचं, त्याने हो म्हटलं तरच कन्व्हर्ट, आणि चालू विंडोजमधून करताय तर ॲलाउ फुल ओएस हा पर्याय जोडायचा. प्रायमरी पार्टिशन तीनपेक्षा जास्त असतील तर तो नाही म्हणेल. हे झालं की मग सीएसएम बंद, सिक्युअर बूट चालू.

तिसरी फुली खरी. मायक्रोसॉफ्टची यादी ढोबळमानाने रायझन २००० आणि इंटेलच्या ८व्या पिढीपासून सुरू होते, तुमचा १६०० त्याच्या एक पाऊल आधीचा. गंमत म्हणजे ७व्या पिढीतल्या ७८२०एचक्यूला त्यांनी काही मशीनपुरतं आत घेतलं, आणि तो प्रोसेसर त्यांच्या स्वतःच्या सर्फेस स्टुडिओ २ मध्ये होता. असो.

— वेबसाईटवाली ताई

--------

विषय: पुन्हा: पुन्हा: असेंबल केलेल्या पीसीला विंडोज ११ नको म्हणतंय

ताईंनी सांगितलं ते बरोबर, फक्त तिसऱ्या फुलीवर मी गेली काही वर्षं काढलीयेत म्हणून लिहितो. माझा आय-सेव्हन ७७००, यादीबाहेरचा. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगची आतली नोंदवही) सिस्टम, सेटअप, मग मोसेटअप, तिथे AllowUpgrades वगैरे लांबलचक नावाची — देवनागरीत सांगायचं तर अलाउ-अपग्रेड्स-विथ-अनसपोर्टेड-टीपीएम-ऑर-सीपीयू, सगळं सलग — किल्ली करायची, किंमत १, मग विंडोज ११ चा आयएसओ (अख्खी इन्स्टॉल डिस्क एका फाइलीत) माउंट करून आतलं सेटअप चालवायचं. ते एक सूचना दाखवतं की हा पीसी बसत नाही, अपडेट मिळण्याचा तुम्हाला हक्क राहणार नाही, मान्य आहे का. मान्य म्हटलं की चढतं.

आता खरी गोम. हक्क नाही म्हणतात तरी महिन्याचे पॅच मला नियमित आले, म्हणून मी निर्धास्त झालो, अपडेटच्या पानावर हिरवी टिक, सगळं अद्ययावत. पण वर्षाला एकदा जी नवी आवृत्ती येते ती अशा मशीनला आपणहून देतच नाहीत आणि दिली नाही असं सांगतही नाहीत. मी २२एच२ वर (विंडोज ११ ची २०२२ ची आवृत्ती) बसून होतो, होम आणि प्रोसाठी तिचा सपोर्ट ८ ऑक्टोबर २०२४ ला संपला, मला कळलं कधी तर एकदा सहज विनव्हर (आवृत्ती दाखवणारी कमांड) टाइप केलं तेव्हा, बरेच महिने उलटून. म्हणजे इतके दिवस एकही पॅच नाही आणि हिरवी टिक तशीच, त्या टिकेवर माझा आता काडीचा विश्वास नाही. होम आणि प्रोची प्रत्येक आवृत्ती २४ महिने चालते, ती तारीख कॅलेंडरमध्ये टाका आणि त्याआधी नवा आयएसओ आणून हाताने चढवा. दरवेळी. मी हल्ली हे वर्षातून एकदा रविवारी करतो, तासाभराचं काम आहे, पण विसरलात की गेलात.

आणि एक, याहून जुन्या मशीनवर हे करू नका. माझ्याकडे कोअर २ क्वाड होता, त्यावर २३एच२ पर्यंत जुगाड चालला, २४एच२ ला पॉपकाउंट नावाची आज्ञा (इन्स्ट्रक्शन) प्रोसेसरमध्येच लागते आणि ती त्यात नाही, तिथे कुठलीच किल्ली कामाची नाही, बूटच होत नाही.

— जुन्या आय-सेव्हनवाला

--------

विषय: पुन्हा: पुन्हा: पुन्हा: असेंबल केलेल्या...

मी बाजूने बोलतो, हसू नका, माझ्या असेंबल्ड पीसीवर मॅकओएस आहे. ॲपलच्या लायसन्समध्ये हे बसत नाही हे माहितेय, शिकायला म्हणून केलं होतं. दादांची हिरवी टिक वाचून अगदी माझंच दुखणं वाटलं, कारण माझ्याकडेही अपडेट दिसेनासे झाले होते आणि तेच "अद्ययावत आहे" वाक्य. मी आयडी बदलले, केक्स्ट (मॅकओएसचे ड्रायव्हर) बदलले, दोन रात्री गेल्या. शेवटी सापडलं ते एवढंच की ओपनकोरमध्ये (साध्या पीसीवर मॅकओएस बूट करून देणारा प्रोग्राम) रिस्ट्रिक्ट-इव्हेंट्स नावाचा केक्स्ट टाकून बूट आर्ग्युमेंटमध्ये रेव्हपॅच इज इक्वल टू एसबीव्हीएमएम लिहायचं, मग सिस्टमला वाटतं आपण व्हर्च्युअल मशीन आहोत आणि अपडेट लगेच दिसतो.

पण नव्याने कोणी सुरू करू नका. इंटेलवर चालणारी शेवटची आवृत्ती टाहो, हे ॲपलने जून २०२५ मध्येच सांगून टाकलं, त्यापुढे जुगाडालाही जागा नाही. काका, तुमचं दुखणं त्यामानाने बरं आहे, तुमचा प्रोसेसर सॉकेटमधून निघतो.

— हॅकिंटॉशवाला

--------

विषय: पुन्हा: असेंबल केलेल्या पीसीला... (काकांसाठी)

हेच लिहायला आले होते. काका, तुमच्याच एएम४ सॉकेटमध्ये रायझन ५००० बसतो, २०२२ पासून ३०० सिरीजच्या बोर्डांसाठीही (तुमचा बी३५० त्यातलाच) त्याचे बायोस आले. आपल्या बोर्डच्या पानावर प्रोसेसरची यादी बघा, आणि नवा बायोस जुना प्रोसेसर आत असतानाच टाका, नवा बसवून मग टाकायला गेलात तर स्क्रीनच येणार नाही. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर आधी सस्पेंड करा आणि रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, त्याच कंप्युटरवर नको.

दादांची युक्ती चालते, पण हिशोब चार जणांचे आहेत आणि दरवर्षी आठवणीने आयएसओ चढवायचा भार तुमच्यावर नको.

बायोस टाकताय तर सगळ्यात नवाच घ्या. सिक्युअर बूटची २०११ ची सर्टिफिकेटं जून २०२६ पासून कालबाह्य होत जातात. त्यामुळे मशीन बंद पडत नाही, पण बूटच्या भागाचे पुढचे सुरक्षा अपडेट अडतात, आणि असेंबल्ड पीसीला बायोस कोणी घरपोच देत नाही, बोर्डवाल्याच्या साईटवर आपणच जायचं.

— ताई

--------

विषय: पुन्हा: झालं एकदाचं

मंडळी, झालं. एमबीआर२जीपीटी पहिल्याच फटक्यात हो म्हणालं. बायोस थेट शेवटचा घेतला नाही, बोर्डच्या पानावर आधी मधली एक आवृत्ती टाका असं लिहिलं होतं, म्हणून दोनदा. पेनड्राइव्हवरून पट्टी सरकत असताना मी खोलीत कोणाला दिवा लावू दिला नाही. बायोस टाकल्यावर सगळ्या सेटिंग मूळपदाला, सीएसएम परत चालू, ते पुन्हा बंद केलं, या वेळी डिस्क दिसली.

मग मुलाने रायझन ५ ५६०० बसवला आणि चालू केल्या केल्या परत काळी स्क्रीन! पण या वेळी वाचलं. नवीन सीपीयू बसवलाय, एफटीपीएम रीसेट करायचं तर वाय दाबा, बिटलॉकर असेल तर रिकव्हरी कीशिवाय उघडणार नाही. ताईंची कागदाची सूचना नेमकी इथलीच होती. माझ्याकडे बिटलॉकर नव्हतंच, वाय दाबलं.

हेल्थ चेकमध्ये तीनही टिका, विंडोज ११ आपणहून अपडेटच्या पानावर आलं आणि रात्रीत चढलं. टिकेवर विश्वास नको म्हणून विनव्हरही बघितलं. ताळेबंद जागेवर आहे, आणि कोणाची वर्गणी राहिलीये तेही त्यात व्यवस्थित दिसतंय.

— खजिनदार