मदत हवी आहे: ईएफएसचा वेग एकदम बसलाय, क्लाउडवॉचमध्ये (अ‍ॅमेझॉनच्या आकडे-आलेख दाखवणाऱ्या सेवेत) नेमकं काय बघू?

मंडळी, आमच्या वाचनालयाने जुने दिवाळी अंक आणि गावची साप्ताहिकं स्कॅन केली आहेत. सगळा साठा साधारण ४०० जीबी, अ‍ॅमेझॉनच्या ईएफएसवर (अनेक सर्व्हरना एकत्र वापरता येणाऱ्या ऑनलाइन फाइल साठ्यावर), मुंबई रीजनमध्ये. दोन छोटे सर्व्हर तेच फोल्डर माउंट करून वाचकांना पानं दाखवतात. सर्व्हर मीच सांभाळते, पण स्टोरेजमधलं मला फारसं कळत नाही.

गेल्या मंगळवारपासून एक पान उघडायला वीस-पंचवीस सेकंद लागताहेत. काल एक आजोबा वडिलांचा १९५८ सालचा लेख बघायला आले. अर्धं पान आलं आणि मग नुसतं चक्र फिरत राहिलं. "असू दे, परत येईन," म्हणून ते उठले. फार वाईट वाटलं.

सीपीयू १० टक्क्यांच्या आत, मेमरी मोकळी. टोटलआयओबाइट्सचा (वाचल्या-लिहिलेल्या बाइट्सचा) आलेख सपाट, पर्सेंटआयओलिमिट (मर्यादेच्या किती टक्के वापर) ५ च्या वर जात नाही. थ्रूपुट मोड (वेग ठरवण्याची पद्धत) बर्स्टिंग, म्हणजे न वापरलेला वेग क्रेडिट म्हणून साठतो आणि गरजेला खर्च होतो. बिल कमी व्हावं म्हणून मागे लाइफसायकल लावला होता, त्यामुळे ३० दिवस न उघडलेल्या फाइल्स स्वस्त वर्गात जातात. दीड महिन्यापूर्वी रोज रात्री सगळ्या फाइल्सचा चेकसम (फाइल बिघडली का हे ओळखायचा आकडा) तपासणारा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) टाकला. पूर्वी हार्ड डिस्कवर आमचे दोन अंक कायमचे गेले होते, म्हणून. याशिवाय काही बदललेलं नाही.

प्रतिसाद १
आधी टोटलआयओबाइट्सचं स्टॅटिस्टिक बघा. अ‍ॅव्हरेज असेल तर तो एका ऑपरेशनमागचा सरासरी आकार आहे, वेग नव्हे. सम (बेरीज) घ्या, पिरियड १ मिनिट ठेवा आणि ६० ने भागा. पर्सेंटआयओलिमिट ऑपरेशन्सची मर्यादा दाखवतो, त्यामुळे तो कमी असूनही बाइट्सच्या बाजूने गळा आवळलेला असू शकतो. बर्स्टक्रेडिटबॅलन्स (शिल्लक क्रेडिट) दोन महिन्यांचा काढा.

माझा संशय लाइफसायकलवर आहे. बर्स्टिंगमध्ये मूळ वेग फक्त स्टँडर्ड (स्वस्त वर्गात न गेलेल्या) वर्गातल्या साठ्यावर ठरतो, दर जीबीमागे सेकंदाला ५० केबी. स्टोरेजबाइट्समध्ये स्टँडर्ड किती उरलंय?

धागाकर्ती
अ‍ॅव्हरेजच होतं! आणि स्टँडर्डमध्ये फक्त २० जीबी. म्हणजे मूळ वेग २० एमबीवरून १ एमबीवर आला ना? क्रेडिट २.१ टीबीपासून रोज थोडं थोडं उतरत मंगळवारी शून्यावर. रात्रीचा चेकसम आज सकाळी दहालाही चालूच होता.

प्रतिसाद २
तोच क्रेडिट खातोय. वाचन एक तृतीयांशच मोजतात, तरी रोज ४०० जीबी वाचलं की १३३ जीबी खर्च, आणि १ एमबीच्या वेगाने दिवसाची कमाई जेमतेम ८४. शिवाय स्वस्त वर्गातून वाचायचे दर जीबीला वेगळे पैसे लागतात, बिल उघडून बघाच. आधी क्रॉन थांबवा, मग मोड इलॅस्टिक करा. क्रम उलटा करू नका, इलॅस्टिकमध्ये जेवढं वाचाल-लिहाल तेवढं बिल येतं.

धागाकर्ती
दोन्ही त्याच क्रमाने केलं. आजोबांचा अंक उघडून पाहिला, पान दोन सेकंदांत आलं. त्यांना फोन करते आहे. दोघांचेही मनापासून आभार.

एक राहिलं: चेकसम मला सोडायचा नाही. नवीन स्कॅन चढवतानाच चेकसम लिहून ठेवला आणि जुन्यांपैकी थोडेथोडेच अंक दर महिन्याला तपासले, तर चालेल का? कुणी असं करतंय का?