वडिलांचे जुने कॅमेरे: ठेवावेत, विकावेत की कुणाला द्यावेत?

चिपळूणचं_कपाट
नमस्कार मंडळी. कपाटातून चार कॅमेरे निघालेत: पेंटॅक्स के १००० (५० मिमी एफ/२ लेन्ससह), याशिका इलेक्ट्रो ३५, आगफा क्लिक थ्री आणि सोनीचा डिजिटल सायबरशॉट डब्ल्यू ५५. पहिले तिन्ही चामडी कव्हरात आहेत आणि कोकणातले पावसाळे त्यांनी तसेच काढलेत. घरात वापरणारं कुणी नाही, पण भंगारात द्यायला मन धजत नाही. विकण्याजोगं काय, देण्याजोगं काय? आणि ठरवण्याआधी काय काय तपासायचं?

रोल_छत्तीस
आधी एक गोष्ट: मागचं झाकण एकाचंही उघडू नका. पेंटॅक्स आणि याशिकाचा डावीकडचा रिवाइंडचा खुंटा बाणाच्या दिशेने हलकेच फिरवा. सैल गरगर फिरला तर कॅमेरा रिकामा, ताण लागला तर आत रोल आहे. आगफाच्या पाठीवरच्या लाल काचेत कागद किंवा आकडा दिसतो का ते बघा, दिसला तर आत रोल आहे.

पेंटॅक्स रिकामा असेल तर झाकण उघडा, लेन्स काढा आणि उजेडाकडे धरून मागून बघत १ सेकंद, १/६० आणि १/१००० वर शटर मारा. १ सेकंदाला शटरचा पडदा रेंगाळला किंवा अडकला तर आतलं तेल घट्ट झालंय, सर्व्हिसिंग लागेल. १/१००० ला फ्रेमची एक बाजू काळी राहिली तर दोन पडद्यांचा वेग जुळत नाही. हा कॅमेरा पूर्ण यांत्रिक आहे. एलआर ४४ सेल फक्त प्रकाश मोजणाऱ्या मीटरला लागतो आणि मीटरला बंद करायचं बटणच नाही, त्यामुळे लेन्सवर टोपी नसेल तर सेल उतरतो. झाकणाच्या कडेचा फोम चिकट झाला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या काडीने खरवडून नवी पट्टी चिकटवा. चुरा पडद्यावर पडू देऊ नका.

याशिकाला मूळचा ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा सेल आता मिळत नाही. ६ व्होल्टचा ४एलआर ४४ चालतो. तो बारीक आणि आखूड असतो, म्हणून पुठ्ठ्याच्या नळीत बसवून मागे स्प्रिंग टाका. फिल्म पुढे सारताना शेवटी 'खट्' असा आवाज यायला हवा. येत नसेल तर शटरच्या दांड्याखालची रबरी गादी विरघळली आहे. हा या मॉडेलचा नेहमीचा आजार. सेलशिवाय हा कॅमेरा फक्त १/५०० वर चालतो, त्यामुळे 'शटर वाजतंय' एवढ्यावर तो चालू आहे असं सांगून विकू नका.

बुरशीचा_शत्रू
चामडी कव्हरं आजच बाजूला करा, ती ओल धरून ठेवतात. पेंटॅक्सच्या लेन्सचं छिद्र एफ/२ वर पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कडेला थोडी असेल तर फोटोत फरक जाणवत नाही. मध्यभागी असेल तर मेकॅनिककडून काच काढून पुसून घ्यावी लागते. काचेवरचं कोटिंग बुरशीने खाल्लं असेल तर डाग कायमचा, आणि विकताना तो स्पष्ट सांगावाच.

ठेवायचेच असतील तर हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा. आर्द्रता ४० ते ५० टक्के बरी. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर तापवून परत वापरता येतात, पण ते तापवायचं भांडं स्वयंपाकात नको.

सीसीडी_प्रेमी
माझं मत: पेंटॅक्स विकू नका, फोटोग्राफी शिकणाऱ्या एखाद्या मुलाला द्या. लेन्सचं छिद्र, शटरचा वेग आणि फोकस तिन्ही हाताने लावावे लागतात, शिकायला याहून चांगलं यंत्र नाही. आगफासोबत रिकामी फिरकी आहे का बघा. तिच्यावरच १२० मापाचा नवा रोल गुंडाळला जातो, ती नसेल तर घेणारा अडून बसेल. फिरकी असेल तर आजही १२ चौकोनी फोटो निघतात.

सायबरशॉटची बॅटरी फुगली असेल तर ती चार्ज करू नका, टोचू नका, घरच्या कचऱ्यात टाकू नका. ई-कचरा केंद्रात द्या. कॅमेरा देण्याआधी कार्ड काढून प्लेबॅक दाबा. काही फोटो अंतर्गत मेमरीत असतात, ते कार्डावर कॉपी करून मगच फॉरमॅट करा. बिघडला असेल तरी स्वतः खोलू नका, फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट साठलेले असू शकतात.

चिपळूणचं_कपाट
पेंटॅक्सच्या खुंट्याला ताण लागतोय! फोटो मोजणारा काउंटर २२ वर आहे.

रोल_छत्तीस
झाकण उघडलं की काउंटर परत मागे जातो. २२ दिसतोय म्हणजे रोल घातल्यापासून ते उघडलेलं नाही. तळाचं छोटं बटण दाबा आणि खुंटा सावकाश फिरवा. ताण एकदम सुटला की आणखी चार-पाच फेरे द्या, मगच उघडा. डबीवर सी-४१ (रंगीत निगेटिव्ह धुण्याची पद्धत) लिहिलेलं असेल तर लॅबला 'खूप जुना रोल आहे' असं सांगून धुवायला द्या. रंग उडाले असतील, फोटोंवर धुकं असेल. रंगांची आशा नसेल तर तोच रोल ब्लॅक अँड व्हाइटच्या रसायनातही धुता येतो. चित्र मिळण्याची शक्यता तिथे जास्त, पण रंग कायमचे जातात. कोणतं हवं ते रोल हातातून सोडण्याआधी ठरवा.