मदत हवी आहे: 'पॉवरसेव्ह'वर डेडलाइन चुकतात, 'परफॉर्मन्स'वर बॅटरी टिकत नाही

शेतयंत्र: नमस्कार. तण काढणाऱ्या स्वयंचलित गाडीच्या नियंत्रकावर तीन टास्क चालतात: मोटर नियंत्रण दर १० मिलिसेकंदांनी, सेन्सरवाचन दर २५ मिलिसेकंदांनी आणि मार्गनिश्चिती दर १०० मिलिसेकंदांनी. गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग ठरवणारी लिनक्सची यंत्रणा) 'पॉवरसेव्ह' ठेवला की डेडलाइन (पुढच्या फेरीआधी काम संपवण्याची मुदत) चुकतात आणि गाडी भरकटते. 'परफॉर्मन्स' (कायम कमाल वेग) ठेवला की दुपारीच बॅटरी मान टाकते. मधला मार्ग कोणता, एवढेच सांगावे. प्रात्यक्षिक जवळ आले आहे, त्यामुळे 'आधी मूलतत्त्वे वाचा' असे सल्ले कृपया नकोत.

तासकाटा: बोर्ड कोणता? प्रत्येक टास्कला जास्तीत जास्त किती वेळ लागतो आणि तो कोणत्या फ्रीक्वेन्सीवर मोजला? टास्क एकाच कोअरला बांधल्या आहेत का, आणि शेड्युलिंगचा (टास्कचा क्रम ठरवण्याचा) वर्ग कोणता? एवढे कळल्याशिवाय दिलेले उत्तर म्हणजे निव्वळ अंदाज ठरेल.

जुनी_वायर: हा प्रायॉरिटी इन्व्हर्जनचा प्रकार दिसतो, म्हणजे खालच्या अग्रक्रमाच्या टास्कने कुलूप धरून ठेवल्यामुळे वरच्या अग्रक्रमाची टास्क खोळंबणे. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक याच कारणाने पुन्हापुन्हा रीसेट होत होता आणि म्युटेक्सवरील (सामायिक डेटाच्या कुलपावरील) प्रायॉरिटी इन्हेरिटन्स (कुलूप धरणाऱ्या टास्कला तात्पुरता वरचा अग्रक्रम देणे) चालू केल्यावर तो प्रश्न सुटला. तुम्हीही प्रथम तेच तपासावे.

शेतयंत्र: आमच्या टास्कमध्ये सामायिक म्युटेक्स नाहीच. बोर्ड अर्थातच रास्पबेरी पाय ४ आहे. टास्कना अनुक्रमे २, ५ आणि १० मिलिसेकंद लागतात, मोजणी १५०० मेगाहर्ट्झवरची आहे. तिन्ही एकाच कोअरवर, स्केड-फिफो (ठरलेल्या अग्रक्रमाने चालवणाऱ्या) वर्गात, ज्याचा पिरियड (दोन फेऱ्यांमधला काळ) लहान त्याला अग्रक्रम मोठा.

तासकाटा: मग कारण स्पष्ट आहे. पूर्ण वेगावर तुमचा एकूण भार (प्रत्येक टास्कचा वेळ भागिले तिचा पिरियड, यांची बेरीज) ०.२ + ०.२ + ०.१, म्हणजे ०.५ आहे. 'पॉवरसेव्ह' भार न पाहता प्रोसेसरला किमान वेगावर, इथे ६०० मेगाहर्ट्झवर, बांधून ठेवतो. तिथे हाच भार अडीचपट होऊन १.२५ होतो, आणि १ च्या वरचा भार एका कोअरवर कोणताही शेड्युलर वेळेत बसवू शकत नाही.

लॅपटॉपवाला: असहमत. माझ्या लॅपटॉपवर 'पॉवरसेव्ह' असतानाही गरज पडली की वेग वाढतो.

तासकाटा: इंटेलच्या प्रोसेसरचा वेग सांभाळणाऱ्या पी-स्टेट ड्रायव्हरमध्ये त्या नावाचा अर्थ निराळा आहे. तो नियम इथे लागू होत नाही.

सूत्रबद्ध: लिऊ आणि लेलँड यांच्या १९७३ च्या निकालानुसार तीन टास्कसाठी रेट मोनोटोनिकची (लहान पिरियडला मोठा अग्रक्रम, या पद्धतीची) भारमर्यादा सुमारे ०.७८ आहे. म्हणून किमान ९६२, म्हणजे व्यवहारात १००० मेगाहर्ट्झ ठेवावेत. त्याखाली जाणे धोक्याचे आहे.

तासकाटा: ती अट पुरेशी आहे, आवश्यक नाही: ती मोडली म्हणून डेडलाइन चुकतीलच असे नाही. प्रतिसादकाळ (टास्क तयार झाल्यापासून संपेपर्यंतचा वेळ) प्रत्यक्ष काढला, तर ८०० मेगाहर्ट्झवर सर्वांत संथ टास्क वाईटात वाईट परिस्थितीत ९० मिलिसेकंदांत संपते, म्हणजे १०० च्या आत. तरीही मी ९०० सुचवीन, कारण तिथे तोच आकडा ५० वर येतो आणि मोजलेल्या वेळात किंचित वाढ झाली, तरी तो ६५ च्या आसपास थांबतो. एवढ्या लहान बदलात एवढी मोकळीक मिळत असताना कडेलोटावर उभे राहण्याचे कारण नाही. शिवाय मेमरीची वाट पाहण्यात जाणारा वेळ घड्याळासोबत तितका ताणला जात नाही, त्यामुळे हा हिशेब सावधपणाचाच आहे.

मुदतपूर्व: हा सारा खटाटोप कशासाठी? स्केड-डेडलाइन वर्ग (ज्याची मुदत जवळ ती टास्क आधी) लिनक्सच्या ३.१४ आवृत्तीपासून उपलब्ध आहे आणि ४.१६ पासून 'स्केडयुटिल' गव्हर्नर त्यात जाहीर केलेला भार पाहून वेग ठरवतो. मी वर्षानुवर्षे हेच वापरत आहे.

सूत्रबद्ध: त्या वर्गातली टास्क एकाच कोअरला बांधायची असेल, तर वेगळा सीपीयूसेट (कोअरचा राखीव गट) करावा लागतो, हे सांगायचे राहिले. प्रात्यक्षिकाच्या तोंडावर हा बदल मी करणार नाही. आणि फिफो ठेवून नुसता 'स्केडयुटिल' लावला, तर तो मूळ मांडणीत थेट कमाल वेगावर जातो, त्यामुळे बचत होत नाही. 'युजरस्पेस' (वेग हाताने ठरवू देणाऱ्या) गव्हर्नरने वेग स्थिर करणे उत्तम.

शेतयंत्र: ९०० वर स्थिर केला. डेडलाइन चुकत नाहीत. मात्र बॅटरी जवळपास 'परफॉर्मन्स'वर चालायची तेवढीच चालते, त्याचे काय?

जुनी_वायर: बोर्डच बदला. मायक्रोकंट्रोलरवर फ्रीआरटीओएस या छोट्या कार्यप्रणालीचा टिकलेस आयडल मोड वापरला, तर काम नसताना प्रोसेसर झोपतो.

सूत्रबद्ध: फ्रीक्वेन्सी उतरली पण व्होल्टेज उतरले नाही, तर कामामागची ऊर्जा फारशी घटत नाही, कारण ही ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) प्रमाणात बदलते. प्रत्येक वेगावर कोअर व्होल्टेज किती असते, ते पाहावे.

तासकाटा: त्याआधी एक प्रश्न. चाकांच्या मोटर याच बॅटरीवर आहेत का?

शेतयंत्र: हो, आणखी कोणत्या बॅटरीवर असणार?

तासकाटा: हा बोर्ड सगळा मिळून काही वॅटच घेतो आणि वेग बदलल्याने त्यातला एक भाग तेवढा हलतो. चिखलात फिरणाऱ्या मोटर त्याहून कितीतरी अधिक ओढतात. 'पॉवरसेव्ह'वर बॅटरी टिकत होती, तेव्हा गाडी भरकटल्यामुळे तुम्ही ती लवकर थांबवत होता का? बोर्ड आणि मोटर यांच्या वायरींवर वेगवेगळे करंट मीटर लावा आणि दोन्ही आकडे इथे द्या.