सह्याद्रीत डोंगरवाटांची सायकल (एमटीबी) चालवायची तर टायर ट्यूबलेसच हवेत

घाटवाट
काल एका ग्रुपवर एका जुन्या सायकलपटूंची पोस्ट वाचली. सार असं: आपल्याकडे ट्यूबलेस म्हणजे पैशांची उधळपट्टी, स्वस्तातली ट्यूब टाका, जाड टायर घ्या, टाइट हवा भरा आणि निघा. खाली पन्नास जणांनी अंगठे दिलेत. नवी पोरं हे वाचून टायर घेतात, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळं दुखणं त्या टाइट हवेतच आहे. चाळीस पीएसआय भरून पानशेतकडच्या सुट्या खडीवर उतरा, सायकल दगडावरून दगडावर उडते, ग्रिप मिळतच नाही. हवा कमी केली की ट्यूब रिम आणि दगडात चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. ट्यूबलेसमध्ये चिमटायला ट्यूबच नाही. पंचाहत्तर किलोच्या माणसाला २.३५ इंच रुंदीच्या टायरमध्ये पुढे २२, मागे २५ पीएसआय पुरतात. बाभळीचा काटा किंवा सराटा घुसला तर टायरमध्ये भरलेलं पातळ सीलंट जागच्या जागी भोक बुजवतं.

आता टायर कुठला? आपण ट्रेलपर्यंत सायकल गाडीवर लादून नेत नाही, वीस-तीस किलोमीटर डांबरावरून जातो. डाउनहिलवाल्यांचे मऊ रबराचे, किलोभर वजनाचे टायर त्यातच झिजतात. मागे व्हिटोरिया मेझकलसारखा मधली नक्षी दाट असलेला, पुढे मॅक्सिस फोरकास्टरसारखा कडेला रबराचे चांगले गुटके असलेला. दोन्हींत साइडवॉलला (टायरच्या बाजूच्या भिंतीला) जादा थर असलेलंच मॉडेल घ्या. वजन वाचवायला रेसचं पातळ केसिंग (रबराखालचं कापड) घेऊ नका, आपला बेसॉल्ट ते फाडतो.

चिरेखाण
साफ असहमत. तुमचा बेसॉल्ट ठेवा बाजूला, रत्नागिरीत या. खाणीच्या रस्त्यावर जांभ्याच्या ताज्या फुटलेल्या कडा असतात. माझ्या मागच्या टायरची साइडवॉल बोटभर चिरली. सीलंट सगळं पायावर आलं आणि भोक काही बुजलं नाही. शेवटी पिशवीतली ट्यूबच टाकली. मग ट्यूब सोबत न्यायचीच असेल तर ती आधीपासून टायरमध्येच का नको? त्यात टेप, व्हॉल्व्ह, सीलंट सगळं कुरिअरने मागवा. साध्या पंपाने बीड, म्हणजे टायरची आतली कड, रिमवर बसत नाही ते वेगळंच.

घाटवाट
चिरेखाण, साइडवॉल चिरली तर ट्यूबवालाही घरी चालतच जातो, नवी ट्यूब त्या फटीतून फुगून बाहेर येते. आतून जुन्या टायरचा तुकडा लावावा लागतो, तो दोघांनाही लागतो. छोट्या कापात बाहेरून खुपसायची प्लगची पट्टी पुरते, चाक काढावंही लागत नाही. आणि ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा. सीलंटने झाकलेले काटे आत तसेच असतात, नवी ट्यूब तेच फोडतात आणि लोक दोष ट्यूबलेसला देतात.

मुळशीकर
घाटवाटशी सहमत, पण उन्हाळ्याबद्दल कोणी बोलतच नाही. लॅटेक्सचं सीलंट सुकतं. एप्रिल-मेमध्ये गॅलरीत उन्हात सायकल टांगली की दोन महिन्यांत आत नुसती साय उरते. लोक एकदा भरतात आणि विसरतात. मला तर एका दुकानाने सर्व्हिसिंगला ताज्या सीलंटचे पैसे लावले आणि टायर उघडला तर आत जुने गोळे! तेव्हापासून स्वतः भरतो, २९ इंची टायरला साधारण शंभर मिली. व्हॉल्व्हचा कोअर (आतला सुटा भाग) काढून सिरिंजने, दहा मिनिटांचं काम.

रोजची_टेकडी
माफ करा, मी सायकलवाली नाही. पण तुमच्या या गुटक्यांच्या टायरांनी पुण्याच्या वेताळ टेकडीच्या पायवाटांचं काय केलंय ते बघा. पावसाळ्यात ओल्या मातीत चर पडतात, मग पाणी त्याच चरांतून धावतं आणि खालचा मुरूम उघडा पडतो. आमच्यासारखी साठीतली माणसं तिथे घसरतात. ट्यूब का ट्यूबलेस यावर एवढा वाद घालता, यावर कोणी एक ओळ लिहीत नाही.

मुळशीकर
मावशी, चालणारे प्रत्येक वळणावर शॉर्टकट मारतात, चिखल चुकवायला कडेच्या गवतातून नवी वाट पाडतात. ते चालतं? टेकडीवर बाइक घेऊन येणाऱ्यांना कोणी अडवत नाही, सायकलवाला दिसला की सगळ्यांचा आवाज चढतो.

रोजची_टेकडी
मी कुणाची मावशी नाही. आणि बाइकवाल्यांनाही अडवते, शिव्या खाल्ल्यात त्यापायी. दुसरा चुकतो म्हणून तुमचा चर बुजत नाही. गेल्या पावसाळ्यात मागून न ओरडता एक जण अंगावर आला, माझ्या मैत्रिणीचं मनगट मोडलं. तेव्हा कुठल्या टायरवर होता ते विचारायचं सुचलं नाही.

घाटवाट
ताई, मैत्रिणीचं वाचून वाईट वाटलं. बेल न वाजवता उतरणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. चर टायरच्या नक्षीने कमी आणि मागचं चाक लॉक करून घसरत उतरल्याने जास्त पडतात. पण मुसळधार पावसानंतर दोन दिवस टेकडीवर सायकल नेऊ नये, हे तुमचं म्हणणं मान्य करावंच लागेल. त्या दिवसांत डांबरी घाट आहेत ना.

रोजची_टेकडी
दोन दिवस तरी पाळा. वाट वाळलेली दिसेपर्यंत थांबलात तर जास्त बरं.

चिरेखाण
पुण्याच्या टेकडीचं मिटलं असेल तर माझा प्रश्न तसाच आहे. गावात कॉम्प्रेसर फक्त पेट्रोल पंपावर. बीड बसणार कसा?

मुळशीकर
पंपावरच बसतो. पातळ व्हॉल्व्हवर चढवायचा पितळी अडॅप्टर मिळतो, तो लावा. बीडला साबणाचं पाणी, हवा एकदम सोडायची. टक्‌ टक्‌ आवाज आला की बसला. पण आधी रिम ट्यूबलेस-रेडी आहे का ते बघा. जुन्या साध्या रिमवर टेप गुंडाळून जुगाड करू नका, उतारावर बीड सुटला तर तोंडावर पडाल.

चिरेखाण
रिम रेडी आहे. ठीक, चिमटण्याचा मुद्दा मान्य, त्यात माझ्याही ट्यूबा बऱ्याच गेल्यात. पुढच्या चाकाला लावून बघतो. मागचा मात्र बदलणार नाही, जांभा माझ्या मागच्याच टायरवर दात धरून आहे.

घाटवाट
उलटं करा. चिमटे आणि काटे दोन्ही जास्त मागेच लागतात, वजन तिथे असतं. मागे जाड साइडवॉलचा ट्यूबलेस लावा, पुढे हवी तर ट्यूब राहू दे.