शिवीला हेल लावला की ती जास्त लागते की कमी?

माटोळीवाला (पेडणे): वाड्याच्या ग्रुपवर चवथीच्या आरत्यांचं वेळापत्रक टाकलं. एक वार चुकला. लगेच भाच्याचं उत्तर: ‘मामा, तूं सामको पिसोऽऽऽऽऽऽऽ!!!’ अवग्रह मोजले, सात. (गोव्याबाहेरच्यांसाठी: सामको पिसो म्हणजे ठार वेडा.) पूर्वी नुसत्या ‘पिसो’वर भागायचं. आता ‘महापिसो’, ‘जागतिक पिसो’. उद्या खरंच चीड आली तर शब्द उरणार कुठला?

फोंड्याची मावशी: सात मोजलेत म्हणजे तुम्हालाही हौस आहे! ‘गाढवा’ लागतं हो, ‘गाढवाऽऽऽ’ला माणूस हसतो. आई परसातून अश्शीच हाक मारायची. रोमनमध्ये लिहिणारी पोरं शेवटचं अक्षर दाबून धरतात. देवनागरीत कान्यावर काना दिला की माझ्या फोनवर टिंबांचं गोल उमटतं. म्हणून अवग्रह. संस्कृतात तो गाळलेल्या ‘अ’ची खूण, आपण त्याला बोंब मारायला लावलं.

माटोळीवाला: आईचा आवाज तुम्ही ऐकलात. ग्रुपवर आवाज कुठला? शिवाय तिथं माझे सासरे आहेत.

डिचोलीकर: वाढवण्याची खोड जुनीच. ‘शुद्ध गाढव’ घ्या, तुपाचं विशेषण थेट गाढवाला! समर्थांचंही दासबोधात मूर्खलक्षणांच्या एका समासावर भागलं नाही, पढतमूर्खाला वेगळा दिला. माझं मत विचाराल तर सगळ्यात जहाल शिवी म्हणजे अरेतुरेतल्या मित्राला अचानक ‘आपण थोर आहात.’ पुढे पूर्णविराम. मी एकदा लिहिलं, तो दोन वर्षं बोलला नाही.

दोडामार्गचा जावई: पणजीत मला ‘घाटी’ म्हणतात, एकही अवग्रह न लावता. (दोडामार्ग घाटाखाली आहे हो!) त्यापुढे हसरी तोंडं लावली की दुप्पट झोंबतं. रागावलो तर मलाच मस्करी कळत नाही म्हणणार. मावशी, हा लाड म्हणायचा?

फोंड्याची मावशी: नाही. तिथं तुमचं बरोबर. पण मामा-भाच्याचं तसं नाही.

माटोळीवाला: वेळापत्रक दुरुस्त करून टाकलं. भाच्यानं नुसतं ‘ठीक आहे.’ लिहिलंय.

डिचोलीकर: पूर्णविराम देऊन?

माटोळीवाला: होय.

फोंड्याची मावशी: अरे देवा. फोन करा त्याला.